बुटात माती कळत नाही

शुक्रवारी सकाळी चहा पिता पिता सुदर्शननं भिंतीवरच्या फोटोतल्या पायांची बोटं मोजली, आणि ती नऊ भरली. त्यानं पुन्हा मोजली. उजव्या पायाची पाच, डाव्याची चार. डाव्या पायाची करंगळी जिथं असायला हवी तिथं नुसता एक गुळगुळीत उंचवटा होता, आणि तो इतका लख्ख दिसत होता की त्याच्यावर चिकटलेले मातीचे कणसुद्धा मोजता आले असते. फोटो अमृतानं, त्याच्या बारा वर्षांच्या लेकीनं, आदल्या दिवशी प्रिंट काढून आणून टीव्हीच्या वर चिकटवला होता. ‘नववा गडी’ या सिनेमातला शेवटचा सूर. खो-खोच्या खांबाजवळ हवेत आडवा झालेला पोरगा, पाठीवर नऊ नंबर, पुढं ताणलेला हात, आणि कॅमेऱ्याकडं आलेले दोन अनवाणी तळवे. चेहरा दिसत नाही. हाच फोटो पंचवीस वर्षं लोकांनी पाहिला होता, सुदर्शनच्या औरंगपुऱ्यातल्या दुकानाच्या पाटीवर तर तो हातभर मोठा होता; पण तो जुना होता, धुरकट होता, तळव्यांच्या जागी नुसते दोन मळके डाग होते. आता पुण्यातल्या कुठल्याशा संस्थेनं ती रिळं धुऊनपुसून नवी प्रत काढली होती. रविवारी सकाळी अकरा वाजता शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये, भल्याथोरल्या पडद्यावर, जुने गडी एकत्र बसून ती पाहणार होते. पाचसहाशे माणसं येतील, असं त्यांच्यातल्याच मोनिकानं ग्रुपवर लिहिलं होतं. सुदर्शननं कप खाली ठेवला आणि स्वतःच्या पायांकडं पाहिलं. दहा. त्यानं पाय सोफ्याखाली ओढून घेतले.

त्या दिवसापासून तो घरात मोजे घालून वावरू लागला. मे महिना, बाहेर बेचाळीस, कूलरमधलं पाणी दुपारपर्यंत संपतंय, आणि हा माणूस पायात मोजे चढवून वरणभात खातोय. बायको सोनिया म्हणाली, “अहो, पायाला काही झालंय का?” तर म्हणाला, “भेगा पडल्यात, मलम लावलंय.” चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. घरात त्याचे पाय कुणीही मोजत नव्हतं. सोनियानं ते पंधरा वर्षं पाहिले होते, अमृतानं लहानपणी त्यांच्यावर उभं राहून झोके घेतले होते. पण आता त्याला वाटायचं, अमृता जेवताना मान वर करते ती थेट फोटोकडं, आणि मान खाली घालते ती आपल्या पायांकडं. एकदा का तिनं हे दोन्ही एकापाठोपाठ पाहिलं की संपलं. ही भीती त्याच्या ओळखीची होती. ती त्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा सुदर्शन स्वतः बारा वर्षांचा होता आणि त्याच्यासमोर खांब होता.

खांब म्हणजे काय, माणसाच्या छातीइतका उंच, गुळगुळीत, पांढरा रंग दिलेला. त्याच्याभोवती पळणाऱ्या गड्याला पकडायचं तर धावत येऊन, अंगाचा तोल खांबाच्या पलीकडं झोकून, हवेत आडवं व्हायचं आणि हात लावायचा. सोपं आहे, असं दिग्दर्शक सर म्हणाले होते. नऊ नंबरच्या गड्यासाठी सुदर्शनची निवड त्याच्या कुरळ्या केसांवर झाली होती. गुलमंडीत वडील कापडाच्या दुकानात गजानं कापड मोजायचे, तिथं सर लुंगी घ्यायला आले आणि काउंटरवर बसलेल्या पोराकडं बघतच राहिले. बाकीची पोरं शाळाशाळांतून आणलेली. खेळता येणारा खरा एकच, सोयगावच्या वसतिगृहातून आणलेला सांडू. काळा, चपटा, फार न बोलणारा. लहानपणी कडबा कापताना डाव्या पायाची करंगळी तुटलेली. कंपनीनं सगळ्यांना पांढरे कॅनव्हासचे बूट दिले होते. शॉट संपला रे संपला की सांडू ते काढून बगलेत धरायचा. सिनेमात तो रांगेत उजवीकडून तिसरा बसतो आणि त्याला एकच वाक्य आहे. बाकी आठ गड्यांना पळायचं कसं, बसायचं कसं, हूल कशी द्यायची, ते त्यानंच शिकवलं. तो म्हणायचा, बसलेल्या गड्यानं मागं बघायचं नाय. कोण येतंय ते बघायचं नाय. पाठीवर हात पडला की उठायचं अन् पळायचं, अन् एकदा पळालं की मागं फिरायचं नाय.

शेवटच्या दिवशी सकाळपासून तीन वेळा सुदर्शन त्या खांबाकडं धावला आणि तिन्ही वेळा दोन पावलं अलीकडं थांबला. सगळ्यांसमोर. धावताना जमीन वर उचलून येतेय असं त्याला वाटायचं. खांब हलायचा नाही, जमीन हलायची. चौथ्या वेळी थांबला तेव्हा त्याची चड्डी ओली झाली होती. सरांनी ते पाहिलं आणि बाकीच्यांना लिंबाखाली जेवायला पाठवलं. मैदानावर उरले सर, कॅमेरावाला, सुदर्शन आणि सांडू. सरांनी नऊ नंबरची जर्सी सुदर्शनच्या अंगातून काढून सांडूच्या गळ्यात घातली. बूट राहू दे म्हणाले. सांडूनं मान हलवली. “नाय. बुटात माती कळत नाय.” कॅमेरावाला कुरकुरला, आधीच्या शॉटला बूट आहेत म्हणून. सर घड्याळ बघत होते. “पायाकडं कोण बघतंय?” ते म्हणाले. मग सांडू पळाला. सुदर्शन बाजूला दोन हातांनी चड्डी झाकून उभा होता, आणि त्यानं आयुष्यात पाहिलेली ती सगळ्यात सुंदर गोष्ट होती; आजही होती, हे कबूल करायला हवं. माणूस असा हवेत थांबू शकतो, हे त्यानं तेव्हा पाहिलं. मग आवाज झाला. सांडू कोपरावर पडला होता. पोरांना सांगितलं, सांडू पाण्याच्या टाकीवरून पडला. जीप त्याला घेऊन गेली ती गेलीच. कोपराचं हाड वाकडं बसलं, तो परत कधी खेळला नाही. हे सुदर्शनला दोन महिन्यांनी कळलं आणि त्यानं ते कुणालाही सांगितलं नाही.

इथपर्यंत बारा वर्षांच्या पोराला कुणी दोष देणार नाही. सुदर्शनही स्वतःला देत नसे. पण पुढचं त्याचं त्यानं केलं होतं. सिनेमा लागला, पोरांनी टॉकीज डोक्यावर घेतली, पहिल्या खेळानंतर कुणीतरी त्याला खुर्चीवर उभं केलं आणि विचारलं, “बाळ, आख्खा सिनेमा बूट घालून खेळलास, मग शेवटच्या सुराला पाय मोकळे कसे?” हॉलमधली सगळी तोंडं त्याच्याकडं वळली. आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, “बुटात माती कळत नाही.” टाळ्या कितीतरी वेळ थांबल्या नाहीत. चूक होती ती कहाणी झाली. तेव्हापासून या शहरातली पोरं शेवटच्या पाळीत बूट काढून मैदानात उतरू लागली. ते वाक्य शाळांच्या भिंतींवर लागलं. ते त्याच्या दुकानाच्या पिशवीवर आहे, आणि दुकानात तो विकतो काय, तर बूट. देवानं थट्टा करावी तर अशी. अमृता शाळेच्या संघात आहे. सूर मारायच्या आधी ती बूट भिरकावून देते, गुडघे-तळवे सोलून घरी येते आणि म्हणते, पप्पा, माती कळली. बुटांच्या दुकानदाराची पोरगी सगळ्या संघात अनवाणी. त्याला तिच्याकडं बघवत नाही. तिनं सांडूसारखं पडू नये, एवढंच त्याच्या मनात येतं, आणि हे तिला सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

गेल्या वर्षी सर वारले. कॅमेरावाला त्याच्याही आधी. तेव्हा, लाज वाटायला हवी होती, पण सुदर्शनला हलकं वाटलं होतं. आता माहीत असणारा एकच, आणि तो कुठं असेल कुणास ठाऊक. आणि शुक्रवारी दुपारी मोनिकाचा फोन आला. मोनिका सिनेमात गुण लिहिणारी दोन वेण्यांची मुलगी होती, आता कॉलेजात शिकवते आणि कुणालाही शोधून काढू शकते. “सुदर्शन, सांडू सापडला रे! सोयगावलाच आहे, पाणीपुरवठ्यात. व्हॉल्व सोडतो म्हणे. आईला घेऊन येतोय.” मग थांबून म्हणाली, “अरे, तुला आनंद नाही झाला?” झाला ना, झाला, असं तो दोनदा म्हणाला. त्या रात्री झोपेत जमीन पुन्हा वर आली.

शनिवारी भर दुपारी दुकानात एक माणूस आला. बाहेर ऊन इतकं की औरंगपुऱ्याच्या त्या गल्लीत रिक्षासुद्धा सावली शोधत होत्या. गिऱ्हाईक नव्हतंच. माणूस दारातच चपला काढून आत आला, बूट दाखवा म्हणाला, साधे, पुढनं रुंद. सुदर्शन फोनवर ग्रुपचे मेसेज वाचत होता. सिनेमातल्या संघातल्या बद्रीनाथनं पोट सुटल्याचे फोटो टाकले होते. त्यानं सवयीनं स्टूल ओढलं, पाय मोजायची पाटी खाली ठेवली आणि म्हणाला, “पाय द्या.” डावा पाय पाटीवर आला. रुंद, काळा, टाचेला भेगा, आणि कडेला तो गुळगुळीत उंचवटा. सुदर्शनच्या हातातली सरकपट्टी पायाच्या अलीकडंच थांबली. मान वर करायचं त्याला धाडस होईना. त्यानं सगळं लक्ष आकड्यावर लावलं. आठ. आठ नंबर. तो आठ नंबर वाचत राहिला.

“तोंडावरनं वळखशील वाटलं व्हतं,” वरून आवाज आला. “तू पायावरनं वळखलंस.”

सुदर्शननं मान वर केली. केस पिकलेले, हसताना डोळे बारीक होणारे, उजवा हात कोपरात वाकलेला, तसाच राहिलेला. “सांडू,” तो म्हणाला. पाणी दिलं. सांडूनं ग्लास डाव्या हातानं घेतला. दुकानाच्या पाटीवरचा फोटो बाहेरून येताना त्यानं पाहिला असणारच. पिशव्यांचा गठ्ठा तर समोरच काउंटरवर होता, वाक्य वर. सांडू त्या पिशव्यांकडं बघत पाणी प्यायला आणि काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, गचांडी धरली असती, तर सुदर्शनला कुठं बघावं ते तरी कळलं असतं.

“तुला काय पाहिजे, सांडू?” त्याचा स्वतःचा आवाज त्याला कोरडा, दुकानदारी वाटला.

“बूट,” सांडू म्हणाला. “मोनिकाताई म्हणल्या, समद्यांना ष्टेजवर बोलावणार. रबरी चपलीत कसं जावं?” मग ग्लास फिरवत, “आई येतीय उद्या. एका डोळ्यानं दिसत नाय, दुसऱ्यानं बरं दिसतं. तिनं पिच्चर कव्हाच बघितला नाय. गावात म्या सांगितलं व्हतं तव्हा, शेवटचा सूर माझा हाय म्हणून. लोक लई हसले. मंग सोडून दिलं. आईला बी सांगितलं व्हतं. तिनं नुसतं ऐकून घेतलं. खरं वाटलं का नाय, ठाव नाय मला. पंचवीस वर्षात त्यावर एक शबूद बोलली नाय.”

सुदर्शन उठला. हात चढवून सगळ्यात वरच्या फळीवरचा खोका काढला. दुकानातले सगळ्यात चांगले बूट, जाड, पुढून बंद, घोट्यापर्यंत येणारे. आपण हे का काढतोय ते त्याला पुरतं ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा झाकलेला पाय. तो खाली बसला, सांडूच्या पायात नवे मोजे चढवले, बूट चढवले, नाड्या स्वतः बांधल्या, दुहेरी गाठ मारली. सांडू अवघडून गेला. “आरं, तू काहून पायाला हात लावतोस,” म्हणू लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून सुदर्शनला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी त्याचे हात गाठ घट्ट करतच राहिले. पैसे घेणार नाही म्हणाला. “उद्या घालूनच ये,” म्हणाला. आणि मग, न राहवून, “काढू नकोस.”

सांडूनं त्याच्याकडं पाहिलं. “बरं,” म्हणाला, आणि नवे बूट वाजवत गल्लीत गेला. ते ‘बरं’ कसलं होतं? कळल्याचं, की न कळल्याचं? सुदर्शननं ते संध्याकाळपर्यंत शंभर बाजूंनी उलटून पाहिलं.

रविवारी हॉल भरला. पुढच्या रांगेत जुने गडी, मागं त्यांची बायकापोरं, त्यामागं सगळं गाव. सुदर्शनच्या डाव्या बाजूला बद्रीनाथ, उजवीकडं सांडू, त्याच्यापलीकडं त्याची आई साळूबाई, हातात पिशवी घट्ट धरून, एक डोळा मिटल्यासारखा. बरोबर मागच्या रांगेत सोनिया आणि अमृता. दिवे गेले. आणि मग, भीती असूनही, सुदर्शन हसला. कारण पडद्यावर ते सगळे आले, एकेक करत, हडकुळे, शेंबडे, चड्ड्या वर ओढत. बद्रीनाथचं टक्कल अंधारात चमकत होतं आणि पडद्यावर त्याच्या डोक्यावर केसांचं जंगल होतं. तो बाजूला मुसमुसून रडू लागला, “आयला, आपण असे होतो रे,” म्हणत. मागून शिट्ट्या आल्या. लिंबाचं झाड आलं, ते आता राहिलं नाही. सांडूचं एकुलतं एक वाक्य आलं तेव्हा सगळ्या गड्यांनी ते मोठ्यानं म्हटलं, आणि सांडू मान खाली घालून हसला. सुदर्शनला वाटलं, इथंच थांबावं. वीज जावी. या शहरात वीज हवी तेव्हा कधी जात नाही.

पडद्यावर शेवटची पाळी सुरू झाली. नऊ नंबरच्या पोराच्या पाठीवर हात पडला, पोरगा उठला, धावला. कुरळे केस. मग चित्र बदललं, मागून, खालून, आणि तो हवेत गेला. तळवे पडदाभर झाले. दोन माणसं उभी राहतील एवढे. माती, भेगा, आणि तो उंचवटा. हॉलमध्ये चिडीचूप. सुदर्शननं डोळे मिटले होते. पाय बुटात आकसले होते, दहाच्या दहा बोटं.

“आगं बया,” अंधारात साळूबाईचा आवाज आला, मोठा, रानातून हाक मारावी तसा. “सांड्याचा पाय हाय ह्यो! माझ्या सांड्याचा पाय!”

हॉल हसला. प्रेमानंच हसला, म्हातारी माणसं असंच काहीबाही बोलतात म्हणून. सिनेमा संपला, दिवे लागले, म्हातारी उभीच होती, पडद्याकडं बोट करून. मोनिका माइक घेऊन स्टेजवर आलेली. तीही हसत होती. “आजी काय म्हणतात, सांडू?” आणि सांडू उठला, नवे बूट जमिनीवर करकरले. त्यानं आईला खांद्याला धरून खाली बसवलं. सुदर्शनकडं पाहिलं नाही. “काय नाय ताई,” तो म्हणाला. “तिला दिसत नाय नीट. आई, बस. सुदर्शनचा हाय त्यो.”

साळूबाई बसली. ती काही बोलली नाही, पंचवीस वर्षं बोलली नव्हती तशीच. तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. सुदर्शनला वाटलं, सुटलो. खरंच असं वाटलं त्याला, क्षणभर, गार वाऱ्याची झुळूक यावी तसं. आणि तेवढ्यात मागून त्याच्या पाठीवर हात पडला. लहान हात, तळवा सोललेला. “पप्पा,” अमृता त्याच्या कानाशी म्हणाली, “नऊच होती.” तो वळला नाही. तिचा चेहरा पाहायची त्याची हिंमत नव्हती. हात पाठीवरून निघाला नाही. मोनिका स्टेजवरून बोलावत होती, सुदर्शन, ये, ते वाक्य म्हण, सगळे वाट बघतायत. तो उठला.

पायऱ्या पाच होत्या. जमीन वर येत होती. तिसऱ्या पायरीवर आपण थांबू असं त्याला वाटलं, तो नेहमीच दोन पावलं अलीकडं थांबत आला होता. थांबला नाही. माइक हातात घेतला, आणि तो तिथंच स्टेजवर खाली बसला आणि बुटाच्या नाड्या सोडू लागला. गाठ निघेना. हॉलला आधी कळलं नाही. मग कळलं असं वाटलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. माणसं उभी राहिली, पोरं बाकांवर चढली, मागं कुणीतरी आपलेही बूट काढले. त्याला वाटलं, आता याच टाळ्यांत खाली उतरून जाता येईल, कुणाला काही सांगायची गरज नाही. त्यानं मोजे काढले, पाय समोर पसरले, दहा बोटं दिव्यांखाली, पांढरी, दमट, कधीच मातीत न गेलेली. टाळ्या वाढत होत्या. सबंध हॉलमध्ये तिघंच टाळ्या वाजवत नव्हती, सांडू, त्याची आई आणि अमृता, आणि ती तिघंही त्याला दिसत होती. अमृता उभी होती, तोंडावर हात धरून.

टाळ्या थांबेपर्यंत तो तसाच बसून राहिला. बराच वेळ लागला.

“सांडू,” तो माइकमध्ये म्हणाला. “मी काढू नकोस म्हणालो होतो. काढ बूट. वर ये, सगळ्यांना दाखव.”

सांडू जागचा हलला नाही. साळूबाईनं पिशवी बाजूला ठेवली, खाली वाकली, आणि लेकाच्या बुटाची दुहेरी गाठ चाचपडत सोडवू लागली.